तंतोतंत

फिरतीला निघायच्या सकाळी, बूट घालता घालता, त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, "गुरुवारी तुला फारच उशीर झाला, नाही?" आणि बायको ओले हात पुसत स्वयंपाकघराच्या दारात आली आणि म्हणाली, "दातांच्या डॉक्टरकडे गेले होते. माझ्या आधी तिघं होते." एवढंच. पण त्याच्या मनात पाल चुकचुकली. गुरुवारी संध्याकाळी त्याने हेच विचारलं होतं तेव्हाही ती हेच म्हणाली होती, याच शब्दांत, याच क्रमाने. आधी डॉक्टर, मग तिघं. दुसऱ्या कुणा नवऱ्याचं यावर समाधान झालं असतं आणि तो बॅग उचलून चालू लागला असता. पण याचा धंदाच निराळा होता. आजारपणाच्या सर्वेक्षणाचे फॉर्म भरून आले, की त्यातली काही घरं निवडून तिथे पुन्हा जायचं, तेच चाळीस प्रश्न पुन्हा विचारायचे आणि दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी ठेवून बघायची. फेरतपासनीस. कचेरीत त्याला मागून 'पुनश्च' म्हणत आणि ते त्याला ठाऊक होतं. बावीस वर्षं हे काम केल्यावर एक गोष्ट त्याच्या हाडीमाशी भिनली होती, की खरं बोलणारा माणूस दोनदा सारखं बोलत नाही. आज ताप तीन दिवस होता म्हणतो, आठवड्याने चार म्हणतो; आधी म्हणतो औषध आणायला भाऊ गेला होता, मग म्हणतो मीच गेलो होतो. चाळिसातली चार-पाच उत्तरं अशी सरकायलाच हवीत. बारा-पंधरा सरकली तर फॉर्म भरणाऱ्याने झोपेत काम केलं. आणि एकही सरकलं नाही, तर मात्र त्याने झाडाखाली बसून फॉर्म भरला आणि घरच्यांना पढवून ठेवलं. अशी तीन माणसं त्याने नोकरीत पकडून दिली होती, आणि हे सांगताना त्याचा आवाज आपोआप खाली यायचा, मोठी गोष्ट सांगताना येतो तसा.

लिफ्टचं दार बंद झालं आणि ते तिघं त्याच्याबरोबर खाली आले. कोण तिघं? माणसं असती तर तिने त्यांतल्या एखाद्याबद्दल काही सांगितलं असतं. म्हणाली असती, एक म्हातारा होता, गालाला रुमाल लावून बसलेला. एक बाई होती, सारखी घड्याळ बघणारी. खऱ्या तिघांना चेहरे असतात. तिचे तिघं नुसते आकड्यासारखे होते. गाडीत खिडकीपाशी बसून त्याने स्वतःची समजूत घालायचा प्रयत्न केला, की सुतावरून स्वर्ग गाठू नये, दात दुखत असेल, गेली असेल. पण समजूत घालणारा आणि ऐकणारा एकच असला, की दोघांनाही लबाडी कळते. बाहेर सपाट मुलूख मागे पडत होता. मातीचा रंग बदलला, घरांची छपरं बदलली, डब्यात चढणाऱ्या माणसांच्या बोलण्याचे हेल बदलले. देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अकरा दिवसांची फिरती होती, चार मुक्काम. समोरच्या बाकावरचा माणूस दुसऱ्याला आपल्या ऑपरेशनची गोष्ट सांगत होता; दुपारी एकदा सांगितली, संध्याकाळी नवा प्रवासी आला तेव्हा पुन्हा सांगितली. दुपारी सहा टाके होते, संध्याकाळी नऊ झाले. तपासनिसाला हायसं वाटलं. हा माणूस खरा होता.

बायकोही पूर्वी अशीच होती, हे त्याला त्या खिडकीपाशी आठवलं. लग्न झालं तेव्हा ती एकच हकिकत दहा तऱ्हांनी सांगायची. बसमध्ये छत्री विसरल्याची एक गोष्ट होती तिची. ती छत्री म्हणे कंडक्टरने चालत्या बसमधून फेकली आणि एका साहेबाच्या डोक्यावर जाऊन पडली. सांगताना ती उठून उभी राहायची, कंडक्टर व्हायची, साहेब व्हायची. एकदा घरी त्याचे दोन सहकारी जेवायला आले होते आणि ती रंगात येऊन सांगत होती, तेव्हा तो मध्येच म्हणाला होता, "मागच्या वेळी छत्री तुझी होती. आता शेजारणीची कशी झाली?" सहकारी हसले होते. तीही हसली होती, आणि मग म्हणाली होती, "असेल बाई, माझीच असेल," आणि भात वाढायला आत गेली होती. गोष्ट तिथेच राहिली. आपली स्मरणशक्ती तेव्हा किती तल्लख होती, असं त्याच्या मनात आलं. छत्रीची गोष्ट तिने त्यानंतर कधी सांगितली होती का, हे मात्र त्याला आठवेना. पुढे पुढे ती कमी बोलू लागली. त्याला वाटलं, वय झालं, संसारात माणूस निवतो. आता ती विचारलं तेवढंच सांगते, मोजक्या शब्दांत, एखाद्या चांगल्या फॉर्मसारखं.

पहिले तीन मुक्काम व्यवस्थित पार पडले. उत्तरं सरकायची तेवढी सरकली. कुणाचा खोकला आठवड्याचा पंधरवड्यावर गेला, कुणाची सासू आधीच्या फॉर्मात आजारी होती ती आता ठणठणीत निघाली. तो प्रत्येक सरकलेल्या उत्तरापुढे लाल पेन्सिलीने बारीक टिंब काढायचा, आणि टिंबांचा पसारा बघून त्याला दिवसाचं काम झाल्यासारखं वाटायचं. फक्त ते तिघं काही पाठ सोडीनात. तिसऱ्या मुक्कामी त्याने लेकीला फोन केला. लेक कॉलेजात होती, घाईत होती. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तो म्हणाला, "आईचा दात कसा आहे?"

"बरा आहे की. का?"

"नाही, गुरुवारी फार वेळ लागला म्हणे तिला."

"हो, तिच्या आधी तिघं होते," लेक म्हणाली. मग थोडं थांबून, "बाबा, तुमचं परत सुरू झालं का?"

"काय सुरू झालं?"

"काही नाही. ठेवते, लेक्चर आहे."

फोन ठेवल्यावर तो लॉजच्या खोलीत पलंगाच्या कडेवर बसला. भिंतीला हिरवा रंग होता, पंख्याच्या पात्याचा एक कोपरा वाकला होता, आणि पंखा दर फेरीला कुठेतरी घासत होता. दोघींचं सारखं. शब्दसुद्धा तेच. म्हणजे दोघी बसून ठरवतात. कुठेतरी पाणी मुरतंय. काय असेल, याचा विचार तो करत नव्हता. आश्चर्य म्हणजे कुणी परका पुरुष, काही भानगड, असलं चित्र त्याच्या डोळ्यांपुढे येतच नव्हतं. त्याला फक्त एक बंद दार दिसत होतं, आणि दाराआड त्या दोघी हळू आवाजात उत्तरं जुळवत बसलेल्या. त्याला राग आला, आणि रागाच्या खाली भीती होती, ती त्याने ओळखली, पण तिच्याकडे बघितलं नाही.

चौथा मुक्काम शेवटचा. गाव म्हणावं तर मोठं, शहर म्हणावं तर लहान. तिथले फॉर्म ज्या बाईंनी भरले होते त्या त्याला घ्यायला स्टेशनवर आल्या होत्या. चाळिशी ओलांडलेल्या, खांद्याला कापडी पिशवी, पायात झिजलेले कॅनव्हासचे बूट. गल्लीतली पोरंबाळं त्यांना फॉर्मवाल्या ताई म्हणत. अकरा वर्षं त्या कंत्राटावर होत्या. यंदा कायम करायच्या माणसांची यादी निघायची होती आणि त्यात त्यांचं नाव होतं. फक्त फेरतपासणीचा शेरा बाकी होता, म्हणजे तो. हे त्यांनी सांगितलं नाही, त्याला कचेरीतून माहीत होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "सर, घरं मी दाखवते आणि मग लांब उभी राहते. तुमचं तुम्ही विचारा." नियम तोच होता. तरी त्याला वाटलं, नियम इतका पाठ का?

पहिल्या घरी चाळीसपैकी एकही उत्तर सरकलं नाही. त्याने फॉर्म पालथा करून पुन्हा बघितला. दुसऱ्या घरी तेच, तिसऱ्या घरी तेच. म्हाताऱ्याचा गुडघा आठ दिवस दुखला, दोन दिवस तो कामावर गेला नाही, तेल चोळलं, डॉक्टरकडे गेला नाही. इथेही आठ, तिथेही आठ. माणसं उत्तर द्यायच्या आधी किंचित थांबत, समोर कुठेतरी बघत, आणि मग खडान्‌खडा सांगत. त्याने आडून विचारलं, क्रम उलटा केला, मध्येच शेजारच्या घराचा प्रश्न यांना विचारला. काही उपयोग झाला नाही. गल्लीच्या तोंडाशी फॉर्मवाल्या ताई जीपला टेकून उभ्या होत्या, ड्रायव्हरशी काहीतरी बोलत हसत होत्या. त्या हसण्याकडे बघून त्याला वाटलं, किती निर्धास्त आहे ही. दुपारी त्यांनी डबा उघडून त्याच्यापुढे धरला तेव्हा त्याने पोट भरलंय म्हणून सांगितलं. पोट भरलं नव्हतं. आठ घरं झाली, आठांत मिळून तीनशे वीस प्रश्न, आणि लाल पेन्सिलीचं एक टिंबही नाही. इतकी मोठी चोरी त्याने आयुष्यात बघितली नव्हती. त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर त्याला बायको दिसे आणि मग फॉर्मवाल्या ताई दिसत, आणि थोड्या वेळाने कोण कुठली ते नीट वेगळं होईना.

सकाळी नवाला साहेबांचा फोन आला. यादी चार वाजता वर जाणार होती, एवढ्या एका नावाचा शेरा अडला होता. "एक घर राहिलंय," तो म्हणाला. साहेब म्हणाले, "आठांत काय दिसलं ते सांगा, अहो पुनश्च, नवव्याने काय सूर्य पश्चिमेला उगवणार आहे?" त्याने सांगितलं. आठपैकी आठ, तंतोतंत. उत्तरं पढवलेली, शेरा संशयास्पद. हे शब्द उच्चारताना त्याला बरं वाटलं, अगदी मोकळं वाटलं, जणू घरातल्या त्या बंद दारावरही आपण एक शिक्का मारून आलो. साहेब म्हणाले, "मग नाव काढतो," आणि फोन ठेवला.

नववं घर केवळ रीत म्हणून करायचं होतं. दोन खोल्या, पुढच्या खोलीत शिलाई मशीन, त्याच्या पायाशी कापडाचे तुकडे. घरातली बाई साठीच्या आतबाहेरची होती. नातीला ताप आला होता त्याची नोंद फॉर्मात होती. "किती दिवस होता ताप?" त्याने विचारलं. बाई थांबली. तिची नजर त्याच्या खांद्यावरून मागे गेली. "साडेतीन," ती म्हणाली. साडेतीन. ताप कधी कुणी साडेतीन दिवसांचा सांगितला होता? त्याने मान वळवून बघितलं. मागे कपाटाचं दार अर्धवट उघडं होतं आणि दाराच्या आतल्या बाजूला वहीचं एक पान चिकटवलेलं होतं. तो उठला, परवानगीही न मागता, आणि पानापुढे जाऊन उभा राहिला. पेन्सिलीने, मोठ्या अक्षरात, एकाखाली एक लिहिलं होतं. ताप साडेतीन दिवस. गोळी दिवसाला दोन. डॉक्टर नाही. घरात झोपणारी माणसं चार. पुरावा. बावीस वर्षांत असा पुरावा हाती लागला नव्हता.

"हे ताईंनी लिहून दिलं?"

"नाही. ते माझं अक्षर आहे."

"त्यांनी लिहायला सांगितलं?"

"छे. त्या तर म्हणाल्या, आठवेल तसं सांगा मावशी, घाई नाही. त्या गेल्यावर मी लिहिलं. आमच्या गल्लीत सगळे लिहितात."

"का?"

बाईने त्याच्याकडे असं बघितलं की हे काय विचारणं झालं. "मागं एकदा असेच आले होते. आधी एक जण, मग पंधरा दिवसांनी दुसरा. माझ्या जावेनं आधी घरात चार माणसं सांगितली, दुसऱ्याला पाच सांगितली. तिचा मुलगा मधल्या दिवसांत परत आला होता ना. पण तो माणूस म्हणाला, तुमचं बोलणं जुळत नाही. घर यादीतून गेलं. दवाखान्याचं कार्ड मिळालं नाही तिला. तेव्हापासून एकदा सांगितलं की आम्ही लिहून ठेवतो."

"पण खरं असेल ते सांगायचं. लिहायचं कशाला?"

"खरंच आहे हो ते," बाई म्हणाली. "पण खरं असलं तरी लक्षात कुठं राहतं? आणि तुम्ही तर तेच परत विचारता." मग तिने जरा वाकून त्याचा चेहरा बघितला. "तेव्हा आले होते ते तुम्हीच का?"

"नाही," तो म्हणाला. "मी इथे पहिल्यांदाच आलोय." हे खरं होतं. तो इथे आला नव्हता, पण कुठे कुठे गेला होता? किती गल्ल्यांत, किती दारांत? बाई मशीनपाशी बसून त्याचा पुढचा प्रश्न यायची वाट बघत होती, हात मांडीवर ठेवून, शाळेतल्या मुलीसारखी. त्याला आणखी एकतीस प्रश्न विचारायचे होते. त्याने फॉर्म मिटला. आपण नोकरीत पकडून दिलेले ते तिघं त्याला आठवले. त्यांतल्या एकाने त्याच्यापुढे हात जोडून म्हटलं होतं, साहेब, लोक सारखं सांगतात यात माझा काय दोष, आणि तो तेव्हा मनात हसला होता. आता त्याला त्या माणसाचा चेहरा आठवेना, नुसते जोडलेले हात आठवत राहिले.

बाहेर येऊन भिंतीच्या सावलीत उभं राहून त्याने साहेबांना फोन लावला. दीड वाजला होता. त्याने सगळं सांगितलं, कपाटाचं दार, पान, जाऊ, सगळं. आपण घाई केली असंही सांगितलं. साहेब ऐकून घेत होते.

"सकाळी तुम्ही म्हणालात पढवलेली," साहेब म्हणाले. "आता म्हणता खरी. मी कुठलं धरू?"

"आत्ताचं धरा."

"चार तासांत इतका बदल? नेमकं झालं काय तिथे?"

"झालं ते सांगितलं ना."

"नाही, म्हणजे बाईमाणूस आहे, रडली वगैरे का? तुम्ही असे विरघळणारे नव्हे, म्हणून विचारतो." आवाजात थट्टा होती, पण वरवरची, थट्टेच्या खालून साहेब त्याला चाचपून बघत होते, हे त्याला स्पष्ट ऐकू आलं. त्याने पुन्हा सुरुवातीपासून सांगितलं. सांगताना या खेपेस पान कपाटाच्या दाराऐवजी भिंतीवर होतं असं तोंडातून गेलं, आणि साहेब लगेच म्हणाले, "मघाशी कपाट म्हणालात." आपण खरं सांगतोय हे पटवून द्यायला त्याच्याकडे एकही शब्द उरला नाही. "लेखी पाठवा," साहेब शेवटी म्हणाले. "यादी मी बारालाच वर पाठवली, आता ती माझ्या हातात नाही. पुढची दोन वर्षांनी निघेल, तेव्हा बघू."

फॉर्मवाल्या ताई जीपपाशी उभ्या होत्या. त्याने जाऊन त्यांना सांगितलं. आडपडदा ठेवला नाही; सकाळी काय कळवलं, का कळवलं, आणि आता ते परत घेता येत नाही. त्या ओरडल्या नाहीत. पिशवीचा बंद त्यांनी बोटाभोवती गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. "पहिल्याच घरानंतर तुम्ही माझ्याकडे बघायचं बंद केलंत," त्या म्हणाल्या. "तेव्हाच वाटलं होतं मला. म्हटलं जाऊ दे, शेवटपर्यंत कळेल त्यांना."

"तुम्ही तेव्हाच विचारायचं होतंत मला."

"विचारलं असतं तर तुम्हाला वाटलं असतं, हिला भीती कसली?"

त्याला अगदी तसंच वाटलं असतं. माफ करा, असं तो म्हणाला. त्यांनी मान हलवली, होकार की नकार ते कळलं नाही, आणि त्या जीपमध्ये न बसता गल्लीतून चालत निघाल्या. ड्रायव्हरने हाक मारली, तरी थांबल्या नाहीत. त्यांचे झिजलेले बूट कोपऱ्यावर वळेपर्यंत तो बघत राहिला. दोन वर्षं, आणि त्यानंतरही कुणीतरी फेरतपासणीला येणारच होता. हे आपण केलं, असं त्याने मनात स्पष्ट म्हणून बघितलं. त्याने काही हलकं झालं नाही.

मग त्याला घरी फोन करून बोलावंसं वाटलं. काही विचारायचं नव्हतं. नुसतं बोलायचं होतं. दुपारची वेळ, या वेळी तो कधी फोन करत नसे. घंटा वाजत होती आणि तो एखादं वाक्य शोधत होता ज्याच्या शेवटी प्रश्न नसेल. जेवलीस का, हा प्रश्न होता. बरी आहेस ना, हाही प्रश्न. काय करतेस, कुणी आलंय का, दात दुखतोय का. एवढ्या वर्षांत बायकोशी बोलायला त्याच्याकडे दुसरं काही साठलेलंच नव्हतं.

"हॅलो," बायको म्हणाली. "बोला."

"काही नाही. सहजच."

पलीकडे ती थांबली. तिचा श्वास ऐकू येत होता. तो वाट बघत राहिला आणि त्याला वाटलं, आता ती विचारेल, बरं नाही का तुम्हाला, आवाज असा का येतोय, आणि मग तो सगळं सांगेल, चुकत, मागेपुढे होत, कसंही.

"सकाळी दहाला बाहेर पडले," ती म्हणाली. आवाज सपाट होता, न अडखळणारा. "आधी बँकेत गेले. तिथे पाऊण तास लागला, एकच खिडकी चालू होती. मग पडद्याचं कापड बघितलं, घेतलं नाही. सव्वाअकराला घरी आले."

"मी काही विचारलं नाही गं," तो म्हणाला.

"हो, नाही विचारलंत." तिच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. "पण सांगून ठेवलेलं बरं. आत्ता नीट आठवतंय तोवर."

त्याने तिला थांबवायला तोंड उघडलं. पण तोवर ती पुढे सांगू लागली होती, सव्वाअकरानंतरचं.